रिसॉर्ट मनोरीचं, घड्याळ भरतीचं

समुद्र खिडकीतून दिसत होता आणि ताटात बासा होता. बासा म्हणजे तो बर्फातला, काटा नसलेला, चवही नसलेला, गोड्या पाण्यात वाढवलेला मासा. आमच्या ह्यांनी वाढणाऱ्या मुलाला विचारलं, "बोंबील नाहीत का रे?" तो म्हणाला, "सर, फिश में बासा है." सासूबाईंनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू तो मीच आणला होता. "मग मालाडलाच काय वाईट होतं?" एवढं बोलून त्यांनी डाळभात कालवला.

ही आमची मनोरीची पहिली वारी. दोन रात्री, तीन दिवस, पॅकेजमध्ये नाश्ता, दोन जेवणं, स्विमिंग पूल आणि संध्याकाळी रेन डान्स. समुद्रावर आम्ही भर बारा वाजता गेलो, कारण नाश्त्यानंतर आणि जेवणाआधी तेवढाच वेळ मोकळा होता. वाळूवर पाय ठेववत नव्हता. तिसऱ्या दिवशी परत निघताना रिक्षावाला जेट्टीकडे वेगळ्या रस्त्यानं गेला, तेव्हा दोन्ही बाजूंना बांबूंच्या वलांड्यांवर हजारो बोंबील टांगलेले दिसले. आमच्या खोलीपासून चालत दहा मिनिटांवर. सासूबाई रिक्षातून बाहेर डोकावून म्हणाल्या, "बघ."

त्यानंतर आठ-नऊ वेळा तरी आम्ही त्या बेटावर राहिलोय. रिसॉर्ट सोडलं नाही, ते आधी सांगते. सासूबाईंना गुडघ्यांमुळे धड बाथरूम लागतं, दिराच्या मुलांना पूल लागतो आणि मला तीन दिवस स्वयंपाकघराचं तोंड बघायचं नसतं. पण आता मी रिसॉर्टचं वेळापत्रक बाजूला ठेवते आणि बेटाचं हातात घेते. बेटाचं वेळापत्रक म्हणजे भरती-ओहोटी. होड्या कधी लागणार, वाळू किती उघडी पडणार, मासळी कधी मिळणार, हे सगळं त्यावर चालतं. रिसॉर्टचा नाश्ता आठ ते दहा असतो, समुद्राचा रोज पाऊण तासानं पुढे सरकतो. सगळी गंमत आणि सगळी चुकामूक त्यातच आहे.

आधी बेट कुठलं ते

मनोरी, गोराई, उत्तन, चौक, पाली, डोंगरी ही सगळी गावं मिळून धारावी बेट. झोपडपट्टीची धारावी वेगळी, ही वेगळी. एका बाजूला अरबी समुद्र, दुसऱ्या बाजूला मनोरीची खाडी, वरच्या अंगाला वसईची खाडी. भाईंदरकडून आता रस्ता आहे, त्यामुळे काटेकोर भूगोलवाले त्याला बेट म्हणायला नाखूश असतात. पण मालाडहून किंवा बोरिवलीहून निघालात तर पाणी ओलांडूनच जावं लागतं, आणि पाणी ओलांडलं की बेट, असा माझा साधा हिशेब.

एक अपेक्षा आताच दुरुस्त करून घ्या. इथलं पाणी निळं नाही. खाड्यांचा गाळ वाहत येतो, त्यामुळे पाणी मातकट आणि वाळू करडी. पावसाळ्यानंतर किनाऱ्यावर प्लास्टिकही येऊन पडतं. निळ्या पाण्यात पाय सोडून काढलेला फोटो हवा असेल तर विमानाचं तिकीट काढा. इथे बघायला वेगळ्या गोष्टी आहेत: ताडांच्या रांगा, ओहोटीनंतर आरशासारखी चकाकणारी ओली वाळू, खाडीकाठची तिवरं आणि चिखलातून पेन्सिली रोवल्यासारखी वर आलेली त्यांची श्वासमुळं.

तारीख कालनिर्णय बघून ठरवा

लोक शनिवार-रविवार बघतात. मी आधी तिथी बघते, मग रजा टाकते. ही युक्ती मला मालाडच्या बाजारात बसणाऱ्या आमच्या मासळीवाल्या मावशीनं शिकवली. मावशी मढची. तिला मी बासाचं रडगाणं ऐकवत होते, तर ती सुरमईचे तुकडे करता करता म्हणाली, "तिथी बगून गेलीस काय? मंग कशी गो मासली गावंल?"

हिशेब असा. त्या दिवशीची तिथी घ्या, तिची पाऊणपट करा. जो आकडा येईल त्या सुमाराला पूर्ण भरती. चतुर्थी असेल तर चारची पाऊणपट तीन, म्हणजे दुपारी आणि पहाटे तीनच्या आसपास भरती. अष्टमीला सहा. पौर्णिमा आणि अमावास्या या दोन्ही पंधरा धरायच्या, म्हणजे सव्वाअकरा; प्रत्यक्षात साधारण बारा धरून चाला. पक्ष शुक्ल असो की वद्य, गणित तेच. भरतीनंतर सहा तासांनी ओहोटी. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, पण सहलीपुरतं हे पुरतं. मोबाइलवर मिनिटामिनिटाच्या वेळा मिळतात हे मला ठाऊक आहे. पण खोलीत रेंज नसते तेव्हा पाऊणपट कामाला येते, आणि दिराच्या मुलाचा पाऊणकीचा पाढा यानिमित्तानं पाठ झाला, जे त्याच्या शाळेला जमलं नव्हतं.

आता यातून काय साधायचं? पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास गेलात, तर भरती दुपारी बाराला आणि ओहोटी सकाळी सहा, संध्याकाळी सहा. म्हणजे सूर्य उगवताना आणि मावळताना वाळू लांबच लांब उघडी. आणि या दिवसांत उधाण असतं. पाणी जोरात येतं, जोरात जातं. इथले कोळी डोल जाळं लावतात. ते समुद्रात एका जागी बांधून ठेवलेलं पिशवीसारखं जाळं असतं, आणि त्यात मासे भरायचं काम पाण्याची ओढच करते. ओढ जास्त तेव्हा बोंबील, मांदेली, करंदी, जवळा जास्त. अष्टमीच्या सुमाराला भांग असते, म्हणजे उधाणाच्या उलट: पाणी सुस्त, जाळीही सुस्त. मी पौर्णिमाच निवडते, त्याचं कारण पुढे येईलच.

महिना म्हणाल तर ऑक्टोबरच्या मध्यापासून फेब्रुवारीपर्यंत. पाऊस थांबून ऊन पडलं की बोंबील वाळायला लागतात. एप्रिल-मे मध्ये उकाडा सोसायची तयारी असेल तर ताडगोळे मिळतात. जून-जुलैत जाऊ नका. १ जून ते ३१ जुलै यांत्रिकी मासेमारीला बंदी असते, होड्या किनाऱ्यावर ओढून झाकलेल्या, समुद्र खवळलेला. त्या दिवसांत रिसॉर्ट स्वस्त मिळतं, आणि का मिळतं ते गेल्यावर कळतं.

जाताना

गाडी घेऊन गेलात तर दहिसर, भाईंदर, मुर्धा, राई, उत्तन असा मोठा वळसा. आम्ही मालाड स्टेशनच्या पश्चिमेहून मार्वेची २७२ नंबरची बस धरतो आणि मार्वेला उतरून फेरीबोटीनं खाडी ओलांडतो. पलीकडे पोचायला पाच-सात मिनिटं लागतात. बोटीत स्कूटर चढतात, भाजीची पोती चढतात, लग्नाचे आहेर चढतात. बोरिवलीकर गोराई खाडीवरून दुसऱ्या बोटीनं जातात. सुटे पैसे ठेवा, आणि पलीकडे उतरल्या उतरल्या शेवटची बोट कितीची ते तिकीटवाल्याला विचारून घ्या. मोठ्या बॅगा नेऊ नका. ओहोटीला बोट खाली आणि धक्का वर अशी स्थिती होते, शेवाळ आलेल्या पायऱ्या चढाव्या लागतात. सासूबाईंसाठी आम्ही भरतीचीच बोट धरतो. तेव्हा पाऊल सरळ धक्क्यावर पडतं.

रिसॉर्टला फोन करताना मी तीनच गोष्टी विचारते. जेवणाशिवाय खोली मिळेल का, म्हणजे निदान एक जेवण वगळून. बाहेरून आणलेले मासे स्वयंपाकघर करून देईल का, आणि किती पैसे घेईल. संगीत किती वाजता बंद होतं. पहिल्याचं उत्तर बहुधा नाही असतं, दुसऱ्याचं "बघू मॅडम" असतं. "बघू" म्हणजे हो. पोचल्यावर मॅनेजरशी बोलू नका, सरळ आचाऱ्याशी बोला. तो किंवा भांडी घासणारी बाई गावातली असते, आणि बोंबील पाटावर कसे दाबायचे हे तिला सांगावं लागत नाही.

पहिली संध्याकाळ: गुडघ्यावर बसा

संध्याकाळी पाचला किनाऱ्यावर जा. पौर्णिमेच्या आसपास पाणी तेव्हा मागे हटत असतं. सगळे लोक पाण्याकडे धावतात. तुम्ही ओल्या वाळूवर अध्येमध्येच थांबा आणि खाली बघा.

वाळूवर साबुदाण्याएवढ्या गोळ्यांची नक्षी दिसेल. मधे पेन्सिल जाईल एवढं भोक, आणि त्याभोवती गोळ्यांच्या रांगा, सूर्यकिरणं काढावीत तशा. पहिल्यांदा मला वाटलं पोरांनी काहीतरी सांडलंय. गुडघ्यावर बसलात, सावली त्या भोकावर पडू दिली नाहीत आणि दोन मिनिटं हाललात नाही, तर वाटाण्याएवढा खेकडा बाहेर येतो. रंग वाळूचाच, त्यामुळे हालला तरच दिसतो. दोन्ही नांग्यांनी तो वाळू तोंडात भरतो, इतक्या भराभर की भेळ खाणारा माणूस आठवावा. वाळूतलं खाण्यासारखं तेवढं चाटून घेतो, उरलेल्या वाळूची गोळी करतो आणि पायानं मागे ढकलतो. पुन्हा एक पाऊल, पुन्हा एक गोळी. एक रांग संपली की भोकाशी परत येऊन दुसरी दिशा धरतो. भरती आली की सगळं पुसलं जातं, आणि पुढच्या ओहोटीला तो कोऱ्या वाळूवर नव्यानं सुरू. माझा पुतण्या, जो पूलमधून बाहेर काढायला दोन माणसं लागतात, तो इथे पाऊण तास पालथा पडून होता.

इथेच एक सावधगिरी. या किनाऱ्याला उतार फार कमी. ओहोटीला पाणी खूप लांब जातं आणि वाळूत खोलगट ओहळ राहतात. भरती उलटते तेव्हा पाणी समोरून यायच्या आधी त्या ओहळांतून तुमच्या मागे शिरतं. एकदा आम्ही चपला एका खडकावर ठेवून आत चालत गेलो. गप्पा मारत परत फिरलो तर मधला ओहळ गुडघाभर झालेला आणि खडक दिसेना. चार जोड गेले. रिसॉर्टपर्यंत अनवाणी चालताना सासूबाईंनी एक शब्द काढला नाही, हेच जास्त लागलं. तेव्हा ओहोटीची वेळ टळून अर्धा तास झाला की पाठ फिरवायची, सूर्यास्त कितीही सुंदर असो. पोहायचं असेल तर पूल आहे की; पैसे भरलेत त्याचे.

आणि पौर्णिमेचं कारण. सूर्य समुद्रात बुडाला की लगेच रिक्षा करून जेट्टीवर या. बेट चिंचोळं आहे, काही मिनिटांत समुद्राकडून खाडीकडे येता. समोर मार्वेच्या तिवरांमागून, मालाडच्या टॉवरांच्या मधल्या फटीतून, भला मोठा तांबूस चंद्र वर येत असतो. सूर्य एका काठाला सोडून यायचा आणि चंद्र दुसऱ्या काठावर घ्यायचा. मालाडला जन्म काढूनही मी मालाडच्या बाजूचा चंद्रोदय पहिल्यांदा पाहिला तो मनोरीच्या धक्क्यावरून.

सकाळ: पिशवी घ्या, मोबाइल खिशात ठेवा

सकाळी सहाला उठा. नाश्ता चुकला तरी चालेल, साडेनऊला परत येऊन थंड इडली खाता येते. होड्या यायची वेळ आदल्या संध्याकाळी जेट्टीवर विचारून ठेवा. ती रोज बदलते, म्हणून "सकाळी" एवढं उत्तर ऐकून परतू नका, "पाण्याला कवा येतील?" असं विचारा. प्रश्न नीट पडला की उत्तरही नीट मिळतं.

होडी लागली की पाट्या उतरतात आणि बायका तिथेच वाटे लावायला बसतात. वाटा म्हणजे ढीग. वजनकाटा शोधू नका. पहिला वाटा तुमच्यासारख्या टोपीवाल्या पाहुण्यांसाठी असतो. तो घासाघीस न करता सोडून द्या, दोन पावलं पुढे जा, मावशी हाक मारतेच. ताजा बोंबील हातात धरला तर काचेसारखा, आरपार गुलाबी, कल्ला लाल. पांढरा पडून मऊ झाला असेल तर नको. मांदेली सोनेरी हवी. मी शक्यतो दोनच गोष्टी घेते, बोंबील आणि मांदेली. पापलेट इथे घेण्यात मजा नाही. ते मालाडलाही मिळतं आणि आचारी त्याचं तंदुरी करायला धावतो.

फोटो काढण्याआधी विचारा. मासळी विकणारी बाई कामावर आहे, तुमच्या सहलीत नटायला आलेली नाही. काहीतरी विकत घेतल्यावर विचारलंत तर बहुतेक वेळा ती पदर सारखा करून बसते, आणि मग खरा फोटो मिळतो. एकदा एका आजींनी मला विचारलं, "काय गो, कवा आयलीस?" मी म्हटलं काल. "मंग आज कशाला जातंस?" मी जाणार नव्हते, पण बरं वाटलं.

वलांड्या आणि खळं

उन्हाचा कडाका वाढायच्या आत सुक्या मासळीकडे वळा. बांबूच्या उभ्या-आडव्या चौकटी म्हणजे वलांड्या. दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवून ती जोडी दोरीवर टाकतात, एक अलीकडे, एक पलीकडे. गाठ नाही, खिळा नाही. बोंबलाचे दात आतल्या बाजूला वळलेले असतात, म्हणून ते सुटत नाही. हे मी कितीदा जवळ उभी राहून पाहिलंय, तरी मला दहातली एक जोडी जमते. मावशी बोलता बोलता, माझ्याकडे बघत, हाताकडे न बघता अडकवत जाते.

जवळा आणि करंदी जमिनीवर पसरतात. त्या जागेला खळं म्हणतात. ते अंगण वाटतं, पण ते कुणाचं तरी ताट आहे. चपला घालून तर नाहीच, अनवाणीही त्यावरून चालू नका, कडेनं जा. मुलांचा हात धरा. आमच्या ह्यांनी एकदा फोन लावता लावता दोन पावलं टाकली होती, त्याबद्दल जे ऐकून घ्यावं लागलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

घेताना काय बघायचं: सुका बोंबील वाकवला की कट्कन मोडला पाहिजे. लवत असेल तर ओल आहे, घरी आठवडाभरात बुरशी धरेल. जवळ्याची चिमूट तळहातावर चोळा; वाळू असेल तर हाताला लागते. सोडे, म्हणजे सोलून सुकवलेली कोळंबी, घ्या; महाग पडतात, पण वांग्यात चार टाकले तरी पुरतात. आणि न्यायचं कसं? प्लास्टिकच्या पिशवीला चार गाठी मारून काही होत नाही. घट्ट झाकणाचा स्टीलचा डबा घरूनच न्या. २७२ मध्ये तुम्हाला कुणी काही बोलत नाही, पण मालाडहून पुढे लोकलनं जाणार असाल तर डब्याची किंमत कळते.

गावठाणातली दुपार

उन्हात किनारा नको, म्हणून गावात चालत जा. उतरत्या कौलांची घरं, पुढे ओटा, कोपऱ्याकोपऱ्यावर क्रूस, त्याला झेंडूची माळ. हे ईस्ट इंडियन लोकांचं गाव. नाव इंग्रजी, पण माणसं आपल्याहून जुनी मुंबईकर. १५३४ मध्ये गुजरातच्या बहादूरशहानं वसई आणि भोवतालची बेटं पोर्तुगीजांना दिली. त्यांच्या काळात इथले कोळी, कुणबी, भंडारी ख्रिस्ती झाले, पण भाषा मराठीच राहिली. पुढे गोव्याचे ख्रिस्ती मुंबईत नोकऱ्यांना येऊ लागले, तेव्हा त्यांच्यापासून आपण वेगळे, हे दाखवायला स्थानिकांनी १८८७ साली, व्हिक्टोरिया राणीच्या राज्याच्या सुवर्णमहोत्सवाच्या वर्षी, ईस्ट इंडियन हे नाव घेतलं. कंपनीच्या नावावरून. मनोरीत त्यांचं एक छोटं संग्रहालयही आहे, जुनी भांडी, लुगडी, दागिने असलेलं. गावात कुणालाही विचारा, उघडं आहे का ते तेच सांगतील.

मुलांना कंटाळा येऊ नये म्हणून मी एक खेळ लावते: पोर्तुगीजांनी आपल्या घरात काय ठेवलं ते मोजायचं. बटाटा, पाव, चावी, साबण, बादली, इस्त्री, घमेलं, पगार. पुतण्यानं एकदा विचारलं, मग त्याआधी लोक कशानं आंघोळ करायचे? त्यावर सासूबाई अर्धा तास शिकेकाईवर बोलल्या.

रविवारी सकाळी असाल तर चर्चमध्ये मागच्या बाकावर बसायला हरकत नसते. मिस्सा, म्हणजे त्यांची प्रार्थना, मराठीत असेल तर नक्की ऐका. खांदे झाकलेले, फोन बंद, आणि प्रसाद समजून रांगेत उभं राहू नका, ते कम्युनियन ख्रिस्ती लोकांसाठी असतं. गोराईचं चर्च तीन राजांचं आहे. येशूच्या जन्मानंतर ताऱ्यामागून आलेले ते तीन. त्यांचा सण ६ जानेवारीचा. त्या सुमाराला गेलात तर गाव सजलेलं असतं.

लग्नाच्या मोसमात बँड ऐकू आला तर थांबा. लग्नाआधी नवरानवरीच्या आंघोळीसाठी विहिरीवरून पाणी आणतात, त्याला उंबराचं पाणी म्हणतात. घुमट हे मातीच्या मडक्याचं वाद्य वाजतं, बायका लुगडी नेसून गाणी म्हणत नाचत जातात. आम्ही एकदा कडेला उभ्या होतो, तर एका बाईनं सासूबाईंचा हात धरून त्यांना ओढलंच. गुडघे विसरून त्या विहिरीपर्यंत गेल्या. आपण होऊन मधे घुसू नका; बोलावलं तर नाही म्हणू नका, एवढं पाळा.

जेवण. रिसॉर्टची एक दुपार मी मुद्दाम वगळते. गावात काही घरांत आदल्या दिवशी सांगितलं तर जेवण करून देतात. कोण देतं ते आचाऱ्याला किंवा रिक्षावाल्याला विचारा. फुगे मागा, ते मैद्याच्या आंबवलेल्या पिठाचे तळलेले गोळे, आतून पोकळ. त्याबरोबर बाटली मसाल्यातलं कोंबडीचं कालवण. हा मसाला उन्हाळ्यात करतात. वीस-पंचवीस जिन्नस उन्हात वाळवून, भाजून, कुटून, गडद रंगाच्या बिअरच्या बाटलीत काठीनं ठासून भरायचे, म्हणजे उजेड लागत नाही आणि वर्षभर रंग टिकतो. प्रत्येक घराचं माप वेगळं आणि विचारलं की प्रत्येक घर हसून विषय बदलतं. मी तीन वर्षं विचारतेय. बाटली विकत मिळाली, माप नाही. डुकराचं खात असाल तर सोरपोतेल आणि इंदियाल सांगा. सासूबाईंच्या समोर आम्ही ते "मटण" म्हणून मागवत नाही. त्या विचारतात आणि मग ताट थोडं लांब सरकवतात, बाकी काही नाही.

उरलेला अर्धा दिवस

गोराईचा विपश्यना पॅगोडा बोरिवलीहूनही सोनेरी दिसतो. ८ फेब्रुवारी २००९ ला तेव्हाच्या राष्ट्रपती प्रतिभा पाटील यांच्या हस्ते त्याचं उद्घाटन झालं. आत सुमारे आठ हजार माणसं बसतील एवढा घुमट आणि मधे एकही खांब नाही. दगड एकमेकांत अडकवून उभा केलाय. बोंबलाच्या जबड्यासारखंच, असं आमचे हे म्हणाले आणि त्यांना तिथल्या शांततेत मी कोपरानं ढोसलं. ऊन उतरल्यावर जा, फरशी तापते.

उत्तनच्या पुढे चौकला धारावीचा किल्ला आहे, म्हणजे होता. थोडी भिंत उरलीय. मराठ्यांनी मार्च १७३९ मध्ये तो घेतला, आणि मे महिन्यात चिमाजी अप्पांच्या फौजेपुढे वसई पडली. तिथून समोर वसईची खाडी दिसते, आणि हा टेकडीवजा तुकडा हातात असणं का गरजेचं होतं ते नकाशाशिवाय कळतं. भिंतीसाठी जाऊ नका, त्या दृश्यासाठी जा. रिक्षा जाऊन-येऊन ठरवा, परतीला मिळत नाही.

परतताना आम्ही दुपारची, भरतीची बोट धरतो. मागच्या वेळी डबा मांडीवर होता, झाकण पक्कं होतं, तरी शेजारचा स्कूटरवाला हळूहळू दोन फूट सरकला. दुसऱ्या दिवशी मी मावशीकडे गेले. तिनं पहिलं विचारलं, "सुके बोंबील कितीला घेतलंस?" मी भाव सांगितला. तिनं मान हलवली. "बरे घेतलंस," म्हणाली, आणि मांदेलीच्या वाट्याचे मात्र माझ्याकडून नेहमीएवढेच पैसे घेतले.